शटरच्या टीव्हीतला मानी पाहुणा

माझ्या भावाच्या, बाळूच्या लग्नासाठी घर रंगवायला काढलं आणि रंगाऱ्याने पहिल्याच सकाळी कोनाड्यातला जुना टीव्ही उचलून ओट्यावर आणून ठेवला. लाकडी खोक्याचा, पुढे सरकत्या पट्ट्यांचं शटर असलेला. तो बंद पडूनही बरीच वर्षं झाली होती. आता भिंतीवर नवा, पातळ टीव्ही लागणार आणि हा भंगारात जाणार, असं बाळूने परस्पर ठरवून टाकलं होतं. मी त्याच दिवशी पुण्याहून आले. पिशवीही खाली न ठेवता मी ते शटर सरकवलं. ते पूर्वीसारखंच कुरकुरलं आणि पूर्वीसारखंच मध्यावर अडकलं. फटीतून वास आला. लाकडाचा, धुळीचा आणि त्याखाली, शपथेवर सांगते, लसणाचा.

"ताई, लसूण कुठला? वाळवी असंल," रंगारी म्हणाला.

असेलही. पण नाकाला एकदा जे आठवतं ते त्याला कोण विसरायला लावणार? मी ओट्यावरच बसले आणि मला आमच्या मळ्यातल्या त्या रविवारच्या दुपारी आठवायला लागल्या.

तेव्हा नाशिकजवळ मखमलाबादच्या या बाजूला बिल्डिंगी नव्हत्या. पाट होता, पाटाच्या अलीकडे आमचा मळा. निम्म्या मळ्यात गुलाब आणि शेवंती, उरलेल्यात मेथी, कोथिंबीर, कांदा, लसूण. फुलं उजाडायच्या आत खुडायची, कारण ऊन चढलं की गुलाब मान टाकतो. होळी झाली की लसूण निघायचा आणि त्याच्या जुड्या बांधून आम्ही त्या घरभर टांगायचो. आढ्याला, खिडकीच्या गजांना, कपड्यांच्या दांडीला, आणि जागा संपली की टीव्हीच्या वरच्या खिळ्यालासुद्धा. एकीकडे लसूण, एकीकडे पाण्याच्या पाटीत गुलाब. आमच्या दप्तरांना, दुलयांना, आईच्या पदराला, सगळ्याला तोच मिसळलेला वास यायचा. शाळेत मुली नाक मुरडायच्या. मला मात्र पुण्यात नवीन असताना त्याच वासावाचून झोप लागत नव्हती.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर एक मालिका लागायची. हिंदी. तिचं नाव आता आम्हा कुणालाच धड आठवत नाही, कारण आम्ही तिला 'दातवाला' म्हणायचो. मूळ गोष्ट साहेबाच्या मुलखातली, फार जुनी. माणसांचं रक्त पिऊन शेकडो वर्षं जगणारा एक खानदानी सरदार, दिवसा पेटीत झोपतो, उन्हाला भितो, लसणाला भितो आणि कुणी बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकू शकत नाही. आमच्यापर्यंत येता येता तो पार आपल्यातला झाला होता. डोंगरावरच्या हवेलीत राहायचा, अंगावर काळी शाल घ्यायचा आणि डोळ्यात काजळ घालायचा. मालिका खरी रात्रीची, पण पहाटे फुलं खुडणारी माणसं रात्री जागणार कशी? तोच भाग रविवारी भर दुपारी पुन्हा दाखवायचे आणि तो आमचा.

दुपारचं ऊन थेट दारातून पडद्यावर पडायचं आणि चित्र पांढरंफटक व्हायचं. म्हणून दोन्ही दारं ओढून घ्यायची. मग त्या अंधारलेल्या, लसणाने घमघमलेल्या खोलीत आई आणि हौसामावशी मधोमध फुलांची रास घेऊन हार ओवत बसायच्या. संध्याकाळी तो माल गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, फुलबाजारात जायचा. हौसामावशी आमच्या मळ्यात कामाला यायची, पण तिचा दरारा असा की घर तिचं आणि आम्ही तिच्याकडे राहतो असं वाटावं. बाळू आणि मी तिच्या पाठीमागे, कारण भीती वाटली की तिच्या पदराआड तोंड लपवता यायचं. शेजारच्या प्लॉटातले खैरनार काका स्वतःची घडीची खुर्ची घेऊन यायचे. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला होते. घरी त्यांचा रंगीत टीव्ही होता, पण एकट्याने भिण्यात मजा नाही म्हणायचे. आणि माझे वडील, ज्यांना आम्ही मुलं, सगळा गावच भाऊ म्हणायचा, ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवे व्हायचे. आपण झोपलो आहोत असा त्यांचा दावा असे.

मालिकेपेक्षा मालिकेवरची मतंच मोठी होती. खैरनार काकांनी मूळ पुस्तक कधीतरी वाचनालयातून आणून वाचलं होतं आणि ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं. "मूळ गोष्टीत तो जहाजातून येतो हो! आणि यांनी बैलगाडी दाखवलीय. आणि हे गाणं कशाला मध्येच?" असं म्हणत गाणं मात्र मान डोलावत पुरं ऐकायचे. हौसामावशीचा राग नायिकेच्या गळ्यातल्या हारावर. "प्लास्टिकचा हाय. त्यो दातवाला काय भिणार त्याला? आपल्या घरात आला तर दारातच शिंकून शिंकून मरंल."

आईला मात्र त्या दातवाल्याची दया यायची. तो दारात उभा राहून आपल्या खोल आवाजात, "क्या मैं अंदर आ सकता हूँ?" असं विचारायचा तेव्हा आईची सुई थांबायची.

"किती मानी आहे बघा. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही."

"मानी कशाचा वहिनी, लोचट हाय. रोज येऊन उभा."

"मग त्यांनी निदान पाणी तरी विचारावं की."

"त्यो पाणी पीत नाय!"

यावर काका हसता हसता खुर्चीसकट मागे जायचे. आई हसायची नाही. मानी माणूस दारात उभा असण्याचं तिला काय लागत होतं, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

आमची एक आत्या होती. शालन आत्या, भाऊंच्या पाठची एकुलती बहीण. मला वेणी घालायला शिकवली ती तिने, शेवंतीच्या पाकळ्या पुस्तकात कशा सपाट ठेवायच्या तेही तिनेच. तिला मनमाडला दिलेलं, नवरा रेल्वेत. एका संक्रांतीला ती घरी आली असताना तिचं आणि भाऊंचं काहीतरी बिनसलं. काय ते मला तेव्हा कळलं नाही आणि पुढे विचारावंसं वाटलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की तिने पिशवी उचलली, दारात वळली आणि म्हणाली, "जाते."

आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' कुणी म्हणत नाही. मरायला टेकलेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. आई चुलीपाशी होती, तिच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली. भाऊंनी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हापासून आत्या त्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. भाऊबीजेला आई ताट तयार करून ठेवायची, निरांजनात तेल घालायची. भाऊ सकाळपासून मळ्यात पाणी भरायला जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. त्या दिवशी त्यांना पाणी भरायचंच असायचं. आई निरांजन न पेटवता पुन्हा फळीवर ठेवायची. आत्या एकदा त्या घरात यावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती इच्छा ती हारात फुलांसारखी मुकाट ओवत होती.

मग तो जत्रेचा भाग आला. नायिकेचा म्हातारा बाप जत्रेत त्या दातवाल्याला भेटतो, त्याला ओळखत नाही, त्याच्याशी गप्पा मारतो. निरोप घेताना दातवाला हात जोडतो आणि बाप सहज म्हणून जातो, "फिर आइएगा."

हौसामावशीने हातातला गुलाब खाली टाकला. "दिलं! आवतण दिलं म्हाताऱ्यानं!"

"छे हो," काका म्हणाले, "ती नुसती बोलायची पद्धत आहे. आपण नाही का, कुणी 'येतो' म्हटलं की 'या' म्हणतो? त्याचा अर्थ थोडाच, की जेवायला या?"

"मग काय अर्थ?"

"काही नाही. सवय."

"तोंडातनं निघालं ना? मग झालं आवतण."

"असं धरलं तर तुम्ही दूधवाल्याला रोज आवतण देता हौसाबाई."

"त्यो येतो बी रोज!"

वाद पेटला. आई मावशीच्या बाजूची. मी आणि बाळू ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूचे. जाहिराती संपल्या, पुढचं सुरू झालं, तरी यांचं थांबेना. शेवटी खाटेवरून, भिंतीकडूनच, भाऊंचा झोपमोड झाल्यासारखा आवाज आला.

"शब्द तो शब्द. सवयीनं जावो नाहीतर कशानं. तोंडातून गेला की मोजायचा. आता गप बसा."

भाऊंचा निकाल म्हणजे निकाल. दातवाला पुढच्या भागात खरोखरच त्या म्हाताऱ्याच्या दारात उभा राहणार होता आणि बाप त्याला अडवू शकेल की नाही, हे आता आम्हाला आधीच ठाऊक झालं होतं. त्या आठवड्यात पाटावर कपडे धुताना, गुलाब मोजताना, बसची वाट बघताना सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. मावशीने तर दूधवाल्याला 'या' म्हणायचंच सोडून दिलं.

पुढच्या रविवारी आम्ही दारं ओढून वेळेच्या आधीच बसलो. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. हवेलीतून निघालेला दातवाला म्हाताऱ्याच्या अंगणात आला. ढोल वाजायला लागले. बाळूने मावशीचा पदर तोंडात कोंबला. काळी शाल दारापर्यंत आली आणि नेमकं तेव्हा आमचंच दार लोटलं गेलं.

उन्हाचा झोत थेट पडद्यावर आला. दातवाला पुसला गेला. नुसता आवाज तेवढा राहिला, "क्या मैं अंदर आ सकता हूँ?" आणि दारात, उन्हाला पाठ करून, हातात पिशवी आणि कडेवर तिची लहानगी पिंकी घेऊन शालन आत्या उभी होती.

बाळू किंचाळला. मावशीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आईने उठून टीव्ही बंद केला आणि शटर ओढलं, ते मध्यावर अडकलं. खाटेवर भाऊ उठून बसले, पण पाठ आमच्याकडेच.

"बसत नाही, वहिनी," आत्या म्हणाली. तिने उंबऱ्याला पाय लावला नव्हता. "ह्यांची बदली झालीय. लांब, पार मध्य प्रदेशात. सांगून जावं म्हणून आले."

आईने भाऊंकडे पाहिलं. घरात ये म्हणण्याचा हक्क आईला नव्हता असं नाही, पण तो शब्द भाऊंचा होता, हे दोघींना माहीत होतं. तिने तांब्याभर पाणी आणलं आणि उंबऱ्यावरून दिलं. आत्या घोट घोट पाणी प्यायली. पिंकीला मान वगैरे काही कळत नव्हता. ती कडेवरून उतरली, सरळ आत आली आणि गुलाबाच्या राशीत जाऊन बसली. तिला कुणी उठवलं नाही.

"वाळलीस गं," आई म्हणाली.

"उन्हातनं आले ना, म्हणून दिसतेय."

आईने टीव्हीवरच्या खिळ्याची लसणाची जुडी काढली आणि तिच्या पिशवीत घातली. तिकडे असला मिळायचा नाही, असं काहीतरी पुटपुटली. मावशीने हातातला अर्धाच झालेला गजरा तोडून आत्याच्या केसांत माळला, उंबऱ्याच्या आतूनच हात लांब करून. भाऊंची पाठ हलत नव्हती. काका आपल्या खुर्चीच्या कडेला बोटं घासत होते. आत्याने पिंकीला हाक मारली आणि पदर सावरला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, कारण मला ते 'जाते' पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"येते वहिनी," ती म्हणाली. थोडी थांबली. "येते भाऊ."

आणि भाऊ म्हणाले, "ये."

त्यांच्या नेहमीच्या आवाजात. दूधवाल्याला म्हणावं तसं. पहिला आवाज हौसामावशीचा फुटला.

"दिलं! आवतण दिलं भाऊंनी!"

मग मावशी उठून उभी राहिली, पदरातल्या पाकळ्या खाली सांडल्या. "शब्द त्यो शब्द. तुम्हीच म्हणला व्हता भाऊ. तोंडातनं गेला की मोजायचा. मी मोजला. वहिनी, तुम्ही मोजला का?"

"मोजला," आई म्हणाली.

मावशी काकांकडे वळली. आठवडाभर 'सवय, सवय' म्हणत भांडलेले काका घसा साफ करून म्हणाले, "मूळ गोष्टीतही तसंच आहे. एकदा बोलावलं की बोलावलं."

तेवढ्यावर भाऊ वळले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, तिच्या वाकड्या माळलेल्या गजऱ्याकडे पाहिलं, आणि मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मग उन्हात उभी कशाला आहेस?"

आत्याने उंबरा ओलांडला. ती आधी आली ती आईच्या गळ्यात पडायला, पण मध्येच फुलांची रास होती आणि दोघी त्या राशीच्या कडेलाच एकमेकींना धरून खाली बसल्या. पिंकी गुलाब खात होती. मावशी डोळे पुसत तिला ओरडत होती. त्या दुपारी चहा झाला, बाजरीच्या भाकरी झाल्या, लसणाची चटणी झाली. गंगेवर माल उशिरा गेला. म्हाताऱ्याच्या दारात त्या दातवाल्याचं पुढे काय झालं, तो आत गेला की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही आणि कुणी कुणाला विचारलंही नाही.

पण दुसरा वाद सुरू झाला, तो मालिका संपून गेली तरी चालूच राहिला. भाऊ ते 'ये' मनापासून म्हणाले की सवयीनं? आईचं मत, सवयीनं. "त्यांच्या तोंडातून ते निसटलं, देवाची कृपा." मावशीचं मत, मुद्दाम. "आदल्या रविवारीच त्यांनी वाट करून ठेवली व्हती, तुम्हाला काय समजतंय." काका म्हणायचे, दोन्हींच्या मधलं काहीतरी, आणि ते काय हे त्यांना सांगता यायचं नाही. आत्या म्हणायची, "मला काय करायचंय? मी आत आले." भाऊ काहीच म्हणायचे नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांची एक नवी पद्धत पडली. घरातून कुणीही 'येतो' म्हणून निघालं की ते म्हणतात, "ये. आत ये." नवख्या माणसाला कळत नाही. निघालेल्याला आत ये? बाळूच्या होणाऱ्या बायकोला तर पहिल्या भेटीत वाटलं, काही विसरलं की काय, आणि ती खरंच परत आत येऊन बसली.

हौसामावशी आता नाही. काका निवृत्त होऊन मुलाकडे गेले, त्यांची खुर्ची आमच्या ओट्यावर अजून आहे. आत्याचे यजमान निवृत्त झाले आणि ती माणसं नाशिकरोडला राहायला आली. आज ती लग्नाचे लाडू वळायला सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात होती आणि आईवर ओरडत होती, की पाक पुढे गेला. भाऊ काकांच्या खुर्चीत बसून रंगाऱ्याला उगाच सूचना करत होते. मी त्यांच्या शेजारी सरकले.

"भाऊ, एक सांगाल? तेव्हा तुम्ही 'ये' म्हणालात ते सवयीनं की मनापासून?"

एवढ्या वर्षांत त्यांना हे समोरासमोर कुणी विचारलं नव्हतं. ते टीव्हीच्या अडकलेल्या शटरकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू आलं नसावं.

"संक्रांतीपासून तोंडात होता तो शब्द," ते म्हणाले. "काढू कुठनं? मी आपणहून कसा म्हणू? तिनं 'येते' म्हटलं, तेव्हा जागा झाली."

कितीतरी भाऊबिजांचं पाणी ते मळ्याला का भरत होते, ते मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं. मी त्यांचा हात धरला. हाताला लसणाचा वास होता.

ऊन उतरायला लागलं तशी आत्या हात पुसत बाहेर आली. पिंकीचा फोन आला होता, ती घ्यायला येत होती. रंगाऱ्याने नुकताच दाराच्या चौकटीला आणि उंबऱ्याला लाल रंगाचा हात मारला होता. ती अलगद पाय उंच करून बाहेर आली, चपला घातल्या.

"येते भाऊ."

"ये," भाऊ म्हणाले. "आत ये."

रंगारी हसला. "बाबा, त्या तर चालल्यात."

पण आत्या फाटकापर्यंत गेलेली परत आली. हे तिचं नेहमीचं आहे. भाऊ म्हणाले की ती उलट फिरते, चप्पल काढून एक पाय उंबऱ्यावर ठेवते, आणि मग जाते. आजही तिने ठेवला. आणि मग ओरडली, "अगं बाई, विसरलेच, ओला आहे हा!"

लाल रंगात तिच्या पावलाचा ठसा उमटला होता, पाचही बोटांसकट, तोंड आतल्या बाजूला. आई आतून रॉकेलचा बोळा घेऊन धावत आली आणि आत्याचा पाय धरून बसली. दोघी हसत होत्या. रंगारी कपाळाला हात लावून ब्रश बुडवायला निघाला.

"थांबा ताई, लगेच पुन्हा हात मारतो."

"नको," भाऊ खुर्चीतून म्हणाले. "राहू दे तो."